आज हात खांद्याच्या वर गेला

आज भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम करताना हात पहिल्यांदा खांद्याच्या वर गेला आणि मी बेडरूममध्ये एकटीच रडले, आनंदाने. मॅस्टेक्टॉमीत, म्हणजे स्तन काढायच्या ऑपरेशनमध्ये, काखेतल्या लिम्फच्या गाठीही काढल्या की खांदा आखडतो, म्हणून फिजिओ मॅडम रोज करायला लावतात, ताण जाणवला पाहिजे पण कळ येईपर्यंत ओढायचं नाही असं त्यांचं सांगणं. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, होता तेव्हा सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून किती एमएल जमलं ते वहीत लिहायच्या, २४ तासांत ३० च्या खाली यायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी नळी काढली आणि त्या दिवशी घरी शिरा झाला! आता त्या हाताला शक्यतो बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, भरलेली बादली तर नाहीच, लिम्फेडेमाने, म्हणजे लिम्फचं पाणी साचून, हात सुजायची भीती असते ना. व्रण बघायला वेळ लागला तर लागू द्या बायांनो, कुणाच्या घाईने नको. मला आज बघावासा वाटला, बघितला, डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं म्हणून हलक्या हाताने तेलही लावलं. कुणाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि काही विचारायचं असेल तर इनबॉक्स करा, दुपारी मी निवांत असते.