ग्रे पळून का गेला नाही

मंगळवार, रात्री उशिरा

परवा धाकटीची ‘जेटमन’ पाहून संपली, जेटमन नावाच्या योद्ध्यांच्या तुकडीची ती जुनी जपानी मालिका. माझी किती वेळा संपलीय ते जाऊ दे. शेवटाला मी रडले, ती नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पण पन्नासाव्या भागात खलनायकांतला रोबोट ग्रे एकटाच जेटमनमधल्या कॉन्डॉरशी लढायला निघाला, तेव्हा चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता ती म्हणाली, “मारियाला मारलं रादिगेने. मग हा कॉन्डॉरच्या मागे काय लागलाय? येडा आहे का?”

मी म्हटलं, “बघ पुढे.”

पुढे काही नव्हतं, मला माहीत होतं. पुढे ग्रे मरतो, एवढंच. तिने ते पाहिलं, वाटी उचलली आणि वर म्हणाली, “प्लॉट होल.” न्यायनिवाडा करून झोपायला गेली.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आज भाजीत दोनदा मीठ पडलं. घरात कोणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलंय.

खरं तर भोकं काढायची सवय तिला मीच लावली. पहिल्या भागातच तिने विचारलं होतं, वायरामने, म्हणजे खलनायकांच्या टोळीने, जेटमनचं अंतराळातलं एवढं मोठं अर्थ शिप एका फटक्यात उडवलं, मग पुढे वर्षभर वस्तूंना चिकटून राक्षस बनणारा एकेक किडा सोडत का बसले? आज नळाला चिकटव, उद्या आणखी कशाला. यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. वायरामला राजाच नाही. रादिगे, ट्रान, मारिया, ग्रे, चौघं सारख्या मानाचे, आणि जेटमनला जो संपवेल तो गादीवर बसेल असं ठरलेलं. मग एकाचा डाव फसला की उरलेले तिघं मनातून खूश. चौघांनी मिळून एकदा चाल केली असती तर मालिका दहा भागांत आटोपली असती. पण मिळून केलं असतं तर श्रेय कोणाला? हे भोक नाही, हे कोणतंही ऑफिस आहे. धाकटीला पटलं नाही. तिने अजून ऑफिस पाहिलेलं नाही.

बर्डॉनिक वेव्हचं मात्र मलाही सोडवता आलं नाही. पहिल्या हल्ल्यात ती लहर सांडते आणि पृथ्वीवरच्या भलत्याच चौघांच्या अंगावर पडते, त्यातून एक शेतकरी, एक शाळकरी मुलगी, एक श्रीमंताघरची आणि एक जुगारी असे योद्धे तयार होतात. छान. पण मग शेवटाकडे निओ जेटमन नावाची दुसरी तुकडी उगवते ती कुठून? लहर पुन्हा बनवता येत होती तर इतके दिवस काय करत होते? आणि ट्रान्झा, म्हणजे मोठा झालेला ट्रान! रादिगे त्याची पार दशा करून सोडतो, तो दवाखान्यात बेवारशी रुग्ण म्हणून पडून राहतो, आणि पुढे त्याची विचारपूस करायला कोणी म्हणजे कोणी फिरकत नाही. जेटमन नाही, वायराम नाही, लेखक तोशिकी इनोउएसुद्धा नाही. तो भाग पाहून मी आईला फोन लावला होता. ते असो.

ही भोकं मी हसत मान्य केली. १९९१ सालची लहान मुलांची मालिका, एक्कावन्न भाग, दर आठवड्याला नवा राक्षस शिवून द्यायचा, थोडं उसवणारच. मग ग्रेचंच का एवढं लागावं?

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा, त्याची तर चाळण होती. सम्राट गिलोटिन समुद्राच्या तळाशी बसून एकेक राक्षस वर पाठवायचा आणि रोबोट त्यांना लोळवायचा. अगदी शेवटच्या, सव्विसाव्या भागात गिलोटिन सांगतो की माझं शरीर अणुऊर्जेचं आहे, मला मारलंत तर अख्खी पृथ्वी फुटेल. अरे गृहस्था, मग हे पहिल्या दिवशी सांगायचंस! आणि काळे चष्मे लावून त्याची चाकरी करणारी ती माणसं, पृथ्वी फुटली असती तर ती कुठे जाणार होती? पण तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता. रोबोटला हुकूम देणारा पोरगा जॉनी घड्याळात ओरडून ओरडून ‘परत ये’ म्हणतोय आणि कायम त्याच्या आवाजावर हलणारा तो लोखंडी ठोकळा पहिल्यांदाच ऐकत नाही, गिलोटिनला घेऊन वर वर जातो आणि उल्केवर आपटतो. हुकुमाशिवाय तो हललाच कसा, हेही भोकच. ते कोणी बुजवलं असतं तर मी मारलं असतं त्याला.

ग्रे त्याच जातीचा. रोबोट, पण सिगार ओढतो, वाइन पितो, मारिया पियानो वाजवायला बसली की ऐकत उभा राहतो. चेहरा म्हणजे नुसता पत्रा, त्यावर एक सुरकुती हलत नाही. सगळं काम हातांना. एकोणपन्नासाव्या भागात तो मारियाला उचलतो तिथे मी दर वेळी त्याच्या बोटांकडेच बघते. एवढे मोठे लोखंडी पंजे, आणि ते कुठे दाबले जाऊ नयेत याची काळजी त्या सूटच्या आतल्या माणसाने कशी घेतली असेल! समोर जेटमनचा म्होरक्या रियू उभा आहे, त्याच्यासाठी ती रिए, त्याची हरवलेली प्रेयसी. जाताना ती त्याला आपल्याला विसरून जायला सांगते. आणि ग्रे तिला त्याच्यापासून दूर घेऊन जातो, तिचा जीव त्याच्या हातांत जातो. ती त्याच्यासाठी मारियाच. रिएला तो ओळखतच नव्हता.

आता धाकटीच्या हिशेबाने त्याने वळून रादिगेचा गळा धरायला हवा होता. तिला राक्षस करणारा रादिगे, तिच्यावर वार करणारा रादिगे. साधी बेरीज आहे. पण तो जातो कॉन्डॉरकडे, वायरामचा योद्धा म्हणून, राहिलेला सामना पुरा करायला.

आपल्याकडे हे नवीन नाही खरं तर. कर्णावर आपण मराठी माणसांनी इतकं रडून घेतलंय की आता त्याच्याबद्दल बोलायचीही चोरी. पण मला कर्ण नाही, कुंभकर्ण आठवला. उठल्या उठल्या रावणाला तोंडावर सांगतो की तू केलंस ते वाईट केलंस, आणि मग रणात जातो. बिभीषणाला लंका मिळाली, आणि ‘घरभेद्या’ ही पदवीही त्याच्याच पदरात पडली. कुंभकर्णाची आपण आठवण काढतो ती फक्त सकाळी मुलं उठत नाहीत तेव्हा.

आणि मग उघडच आहे की मला ग्रेचं का लागलं. ऑफिसातून मॅडम गेल्यापासून मला सगळे तेच विचारतात. तुला मॅडमनी आणलं, मॅडमना तिथल्याच त्या माणसाने घालवलं, आणि तू अजून तिथेच? परवाच्या लग्नातसुद्धा वहिनीने पानावर बसल्या बसल्या विचारलं. दर वेळी मी काहीतरी सांगते, कर्ज, धाकटीची बारावी, बसचा थेट रस्ता. सगळं खरं आहे आणि एकही कारण नाही. निरोपाच्या दिवशी मॅडमची कुंडी मी उचलून माझ्या टेबलावर ठेवली, ती अजून आहे. तो रोज तिच्यासमोरून जातो. त्याला काही वाटत असेल असं मला वाटत नाही. मला वाटतं, आणि ते कोणाला सांगायचं? आता पोटच्या पोरीनेही मला शेंगदाणे खाता खाता येडी ठरवून टाकलं. तिला माहीत नाही हे अलाहिदा.

हे लिहिलं, वाचलं, आणि हसू आलं. वाक्यं अशी की मागे व्हायोलिन लावावं. ग्रे निदान दोन हात करायला निघाला होता. मी उद्या साडेनऊला पंच करणार आणि अकरा वाजता अ‍ॅसिडिटीची गोळी घेणार. त्याला सिगार, मला पँटोप्राझोल. कुंडीतही कोरफड आहे, पाणी नाही घातलं तरी चालतं, तेव्हा फार मोठी निष्ठा लागत नाही.

पण एक सुचलं, ते लिहून ठेवते, उद्या विसरेन. रादिगेशी ग्रेचं वैर कधी नव्हतंच. रादिगे म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माणूस, नको असताना मिळालेला. वैर होतं ते कॉन्डॉरशी. भाग संपेल तसं वाढलेलं, दोघांनाही आवडणारं. त्या अख्ख्या मालिकेत ग्रेचं स्वतःचं म्हणावं असं दोनच गोष्टींत होतं, मारियाचा पियानो आणि हा सामना. एक गेलं. तो दुसऱ्याकडे गेला. सूड उगवायचा तर रादिगेच्या पातळीवर उतरावं लागलं असतं, आणि तो सूड रियूचा होता, रिएसाठी. लेखकाने दुर्लक्ष केलेलं नाही यात, असं माझं ठाम मत आहे. बर्डॉनिक वेव्हच्या बाबतीत मी त्याची बाजू घेणार नाही, इथे घेईन.

शिवाय रादिगेचा हिशेब सुटलेलाही नाही. मारियाने मरण्याआधी त्याच्या पाठीत तलवार खुपसली होती. शेवटी तो रागेम नावाचा राक्षस होऊन डोंगराएवढा वाढतो, कशालाच दाद देत नाही, आणि नडते ती तीच जखम. मोठं झाल्यावर जखमही मोठी होते का, हे विचारायचं नाही. चार जणांनी मिळून कधी काही केलं नाही म्हणते मी, पण त्याला खाली आणण्यात वायरामच्याच एकीचा हात होता. यावर धाकटी गप्प बसली होती, एवढं मला स्पष्ट आठवतंय. मग तेव्हा नाही का म्हणालीस प्लॉट होल?

हे सगळं तिला जाऊन सांगावं की नाही? सांगितलं तर म्हणेल, आई, तू कॉन्डॉरचं आणि ग्रेचं जमवतेयस. ती मोबाइलवर असलं बरंच वाचते.

जेवताना विचारत होती, आता काय बघायचं. क्रमाने घ्यायचं तर पुढची ‘झ्युरेंजर’, १९९२ ची, जिच्यातली लढाईची दृश्यं कापून अमेरिकेत पहिले पॉवर रेंजर्स झाले. आमच्याकडे ते हिंदीत बोलत आले तेव्हा ही पोरगी पाळण्यातही नव्हती. तिथली बांडोरा चेटकीण आणि तिची टोळी म्हणजे वायरामच्या अगदी उलट. ती ओरडते, डोकं दुखतंय म्हणून कण्हते, हे सगळे तिच्याभोवती पळतात. डाव फसतो, पुन्हा तीच सगळी. शेवटी मुलगा मरतो, तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्या पाण्याने तिची जादूच जाते. मग सगळ्यांना एका बरणीत कोंडून अवकाशात भिरकावतात, आणि आत बसून ही मंडळी मजेत! एकाने म्हणून तक्रार केली नाही की बाई, तुमच्यामुळे आमची ही वेळ आली.

धाकटीला ते बाळबोध वाटणार. पाचव्या भागात सोडून देईल बहुतेक. मी शनिवारी सुरू करतेय, ती आली तर आली. शेंगदाणे वेगळे काढून ठेवते.