रिजेक्शनचा सरडा

सकाळी सात-साडेसातला आमच्या घरात एकच प्रश्न फिरत असतो. आई देवघरातनं मान न वळवता विचारते, "झाली काय रे त्यांची?" स्वयंपाकघरातनं बायको विचारते, "झाली काय ओ?" मी न्हाणीत उकिडवा बसलेला असतो. पुढ्यात प्लास्टिकचं घमेलं, त्यात दोन बोटं कोमट पाणी, आणि पाण्यात कोपरापर्यंत बुडालेला, डोळे अर्धवट मिटलेला एक सरडा. मी अंगठ्यानं त्याच्या पोटावरनं शेपटीकडं हळूहळू चोळत असतो. कणा वाकल्यामुळं त्याच्या मागच्या अंगात जोर नाही, त्यामुळं जे काम बाकीचे सरडे आपलं आपण करतात, ते इथं कोमट पाणी आणि माझा अंगठा मिळून करतात. दिवसाआड. शिफ्टची वेळ होत आलेली असते आणि सगळं घर त्याच्या पोटाकडं डोळे लावून बसलेलं असतं.

त्याचं नाव दाढोबा. जात बिअर्डेड ड्रॅगन. चिडला किंवा घाबरला की गळ्याखालची खवल्यांची कातडी फुगवून काळी करतो, ती त्याची दाढी. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला. तिथले सरडे पकडून परदेशात विकायला बंदी आहे, त्यामुळं जगभर लोक पाळतात ते सगळे पिढ्यान् पिढ्या माणसाच्या घरातच जन्मलेले. आमचा आला पुण्याहून बेळगावला, बुटाच्या खोक्यात, एस.टी.नं, भाच्याच्या मांडीवर बसून.

"मामा, बेंगळूरला नोकरी लागली. रूमवर ठेवून घेत नाहीत. दोन महिने सांभाळ."

त्या दोन महिन्यांना आता चौथं वर्ष चाललंय.

शेजारच्या कन्नड अज्जींनी खोक्यात डोकावून "अय्यो, ओतिक्यात!" म्हणत पदर तोंडाला लावला. आमच्या आईनं "सरडा? घरात?" एवढंच म्हटलं. दोन भाषांत एकच मत. आमच्या गल्लीत हे असं फारसं घडत नाही.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर आहे. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा उठवतात, तो लाकडाचा नाहीतर अॅल्युमिनियमचा नमुना करायचं काम माझं. बीड गार होताना आक्रसतं, म्हणून आमची मोजायची पट्टीच जरा लांब असते, शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर जादा. 28 वर्षं हे केल्यावर माणसाची नजर बिघडते. लग्नाला गेलो तरी मांडवाचा खांब ओळंब्यात आहे काय ते आधी बघतो. तर खोक्यातनं दाढोबाला काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द गेला तो "रिजेक्शन".

पाठीला मधोमध उंचवटा. डावा पुढचा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. मागचे दोन्ही पाय ओले फडके ओढावेत तसे मागनं येत होते. खालचा जबडा आखूड, आणि बोटानं दाबला तर रबरासारखा दबायचा. पायाची बोटं सारखी थरथरत होती. उजव्या पायाची दोन बोटं तर जाग्यावर नव्हतीच. कात टाकताना बोटाला राहिलेली जुनी कातडी वेळेवर भिजवून काढली नाही तर ती दोऱ्यासारखी आवळत जाते आणि बोट वाळून गळून पडतं, हे मला नंतर कळलं.

भाच्यानं त्याला साध्या पिवळ्या बल्बखाली ठेवला होता. दुकानात सांगितलेलं, बल्ब पुरे. ऊब मिळत होती, पण उन्हात जे यूव्हीबी किरण असतात ते त्या बल्बमध्ये नसतात. ते कातडीवर पडल्याशिवाय अंगात डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. रक्ताला तर ते हवंच असतं. मग शरीर हाडातलं काढून रक्ताला देत राहतं, घरातलं सोनं मोडून किराणा भरावा तसं.

आमच्याकडं जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशीचा डॉक्टर. दाढोबाला टेबलावर ठेवल्यावर डॉक्टर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हस व्याली की कधी कधी बसते ना, उठतच नाही? कॅल्शियम उतरतं. तेच हे. फक्त म्हस लहान आहे." मला ते फार आवडलं. त्यांनी लगेच बेंगळूरच्या कुणा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला फोन लावला, अर्धा कन्नड, अर्धा इंग्रजी. मधेच माझ्याकडं वळून मराठीत, "वजन किती?" वजन कुठं माहीत होतं! शहापूरला ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्यानं काट्यावरची सोन्याची चेन बाजूला केली आणि दाढोबाला बसवला. 168 ग्रॅम. सराफ म्हणाला, "घडणावळ धरून?"

एक्स-रे काढला तर हाडं पुसट, शेजारच्या मांसापासून वेगळी काढता येऊ नयेत अशी. मी आत बारीक भोकं राहिलेल्या पोरस कास्टिंगचे फोटो पुष्कळ बघितलेत, त्यामुळं मला दोनदा सांगावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, वाकलेलं सरळ होणार नाही. पुढं वाकायचं थांबवू. फौंड्रीत असला जॉब परत भट्टीत जातो. वितळून दुसऱ्या दिवशी तो कशाचा तरी चांगला पंप झालेला असतो. इथं ती सोय नव्हती.

पातळ कॅल्शियमचे थेंब सुरू झाले आणि यूव्हीबीची ट्यूब आली. ट्यूब येईपर्यंत आई त्याला खिडकीशी ठेवायची. काचेतनं ते किरण येत नाहीत म्हणून सांगितलं तर म्हणाली, "मग ऊन कसलं ते?" आता चांगलं ऊन असलं की ती स्वतः त्याला सुपात घेऊन गच्चीवर नेते, अर्ध्या सुपावर ओलं फडकं टाकते, म्हणजे तापलं की सावलीत सरकवता येतं, आणि घारीवर नजर ठेवून बसते. पण बेळगावचा पावसाळा! जूनपासून आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा ट्यूबच. ती दर वर्षी बदलावी लागते, तीही लखलखीत पेटत असताना. उजेड पहिल्यासारखाच असतो, किरण मात्र कमी झालेले असतात. चालू ट्यूब काढून टाकायला बायकोचा हात अजून होत नाही. माळ्यावर अशा तीन ट्यूब आहेत.

कामावर बीड ओततात ते 1,400 अंशांच्या आसपास. घरी मला सांभाळायचे असतात 40. खरं सांगतो, 1,400 सोपे. या प्राण्याला पेटीच्या एका टोकाला चाळीसच्या आसपास ऊन लागतं आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीसची सावली, म्हणजे हवं तसं तो इकडून तिकडं जातो. दाढोबाला जाता येत नाही. शिवाय मागच्या अंगाला संवेदना कमी, त्यामुळं भाजलं तरी तो हलत नाही. म्हणून खालून तापणारं काही ठेवायचं नाही, दिवा वरनं, आणि मी दिवसातनं दोन-तीनदा थर्मामीटर गन त्याच्या पाठीवर रोखतो. तो बहुतेक वेळ बरोबर मध्यावर पडलेला असतो, डोकं उन्हात, शेपटी सावलीत. सीमाभागात आल्यावर ती सवय लागतेच.

पाट करायची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे.

पोटाला ऊब मिळावी आणि छाती जरा उंच राहून खाल्लेलं नीट उतरावं म्हणून त्याला उतरता पाट हवा होता. मी तो एका रविवारी केला. सागाचा तुकडा, चढ बरोबर 20 अंश, कडा गोल, कॉर्क शीट चिकटवलेली, सगळं गुण्यात. तसा पाट मी कुठल्याही धडधाकट सरड्याला अभिमानानं दिला असता. दाढोबाला ठेवला, तर वाकडा डावा पाय त्याच्याच पोटाखाली अडकला, तो उजवीकडं कलंडला आणि पाठीवर पडला. या सरड्यांना पाठीवर पडणं वाईट. पडून राहिले तर श्वास कोंडतो, आणि याला तर आपलं आपण उलटताच येत नाही. मी उचलला. त्याची दाढी काळी झालेली. चढ 15 केला. परत तेच. 12. परत तेच. मी तीन रविवार त्या लाकडाला घासत होतो. बायको म्हणाली, "लाकडाला कशाला शिक्षा? त्याला बघा की." तिनं दाण्याच्या पुडीचा तपकिरी कागद पेटीत अंथरला, आणि रात्री तो गाढ झोपल्यावर मी पेन्सिल घेऊन त्याच्या कडेकडेनं रेघ ओढली. तो झोपतो तसा: मान किंचित डावीकडं, डावा पाय कोपरात बाहेर फेकलेला, कमरेपाशी वळण, मागचे पाय सैल. कागद उचलून दिव्याखाली धरला. 28 वर्षांत इतकं वाकडं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं नव्हतं. त्याची सेंटर लाइनच काढता येईना.

दुसरा पाट त्या रेघेबरहुकूम केला. डाव्या पायाला आडवी खोबण, पोटाला उथळ खळगा, कमरेपाशी उजवीकडं अर्ध्या बोटाचा काठ. कामावरच्या मोल्डरनं तो बघितला आणि विचारलं, "हे कशाचं पॅटर्न?" मी सांगितल्यावर तो बराच वेळ खळग्यातनं अंगठा फिरवत उभा राहिला, मग म्हणाला, "चांगलं जमलंय," आणि गेला. एरवी तो माझ्या कुठल्याच कामाला चांगलं म्हणत नाही.

खाण्याची तऱ्हा वेगळीच. मोठ्या वयात यांना पाला जास्त आणि किडे कमी लागतात. शेवग्याचा पाला, भोपळ्याचा कीस आणि जास्वंदीची फुलं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. जास्वंद आमच्या दारातली. पहिलं फूल गणपतीला, दुसरं दाढोबाला, ही वाटणी आईनंच ठरवली. रातकिडे ग्यालरीत क्रेटमध्ये, अंड्याच्या ट्रेवर वाढवलेले. एकदा एक निसटून कपाटामागं गेला आणि आठवडाभर रात्री गात राहिला. जबडा आता टणक झालाय, पण उजवीकडं बंद होत नाही, म्हणून बोथट चिमट्यानं डावीकडनं भरवावं लागतं. श्रावणात आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. चिमट्यात कॅल्शियमची पूड लावलेला रातकिडा धरून मी दाढोबासमोर बसलो की आई देवघराचं दार ओढून घेते. बोलत मात्र काही नाही.

बायकोचं माहेर खानापूरकडचं. मे संपता संपता तिकडं झाडं काजव्यांनी भरतात. गेल्या वर्षी तिच्या भावाचा पोरगा दाढोबासाठी बरणीभर काजवे घेऊन आला, झाकणाला भोकं पाडून. काजवा या सरड्याला विष आहे, एक पोटात गेला तरी जीव जाऊ शकतो. पोराला कसं सांगावं कळेना. शेवटी रात्री गच्चीवर जाऊन सगळ्यांनी बरणी उघडली.

त्याच्या टाळूवर मोहरीएवढा फिकट ठिपका आहे. तो तिसरा डोळा. चित्र दिसत नाही त्यातनं, पण उजेड आणि सावली कळते, म्हणून वरनं हात नेला की त्याला घार आल्यासारखं वाटतं. हात नेहमी समोरनं, खालून न्यायचा. आई दर सोमवारी कपिलेश्वराला जाते. तिला हे सांगितल्यापासून ती त्याला एकेरीत हाक मारत नाही.

दिवाळीला भाचा आला. नवी गाडी, मागच्या सीटवर चार फुटांची काचेची पेटी, आत दगडी कपारी, वर चढायला फांद्या. न्यायला आला होता. काही न बोलता पाटावर झोपलेल्या दाढोबाकडं बघत बसला. मग विचारलं, "मामा, ह्याचं ड्रॉइंग आहे काय?" मी पुडीचा कागद दाखवला. जाताना पेटी परत घेऊन गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं काय, ते मी बघितलं नाही.

आता वजन 290 झालंय आणि पाट डाव्या बाजूला घट्ट व्हायला लागलाय. परवाच्या रविवारी आंघोळ झाली, पण नुसतीच झाली. गच्चीवर कोवळ्या उन्हात नवा तपकिरी कागद अंथरून त्याला वर ठेवला. डोळे मिटले. मी पेन्सिल टेकवली, डाव्या कोपराला वळसा घातला, कमरेपर्यंत आलो. तेवढ्यात तो जागा झाला, उजवा हात उचलून हवेत सावकाश गोल फिरवला. मी लहान आहे, भांडायचं नाही, असं हे सरडे हातानं सांगतात. आई त्याला रामराम म्हणते. पूर्वी हात उचलला की तो कलंडायचा. आता आधी हनुवटी टेकवून घेतो, मग हात उचलतो. त्याचा रामराम संपेस्तोवर मी पेन्सिल धरून थांबलो. मग त्यानं शेपूट जराशी वर केली.

जिन्यातनं आईचा आवाज आला, "झाली काय रे त्यांची?"

"झाली," मी म्हटलं. "ड्रॉइंगवर."