तळावरचा संध्याकाळचा तास

मोहीमप्रमुखाचं काम नेमकं कशात असतं, हे आज लिहून ठेवावंसं वाटतंय. रानात सगळ्यांच्या पुढे चालणं हा त्यातला लहानसा भाग. खरं काम ऊन उतरल्यावर, माणसं तळावर परतल्यावर सुरू होतं. तो एक तास कुठल्याही कारणाने बुडू द्यायचा नाही, यावर माझं मत पक्कं आहे.

आधी पाय. बूट-मोजे उतरवून प्रत्येकाचे तळवे बॅटरीच्या उजेडात बघायचे. दमलेला माणूस सवयीने "ठीक आहे" म्हणतो, त्यामुळे नुसतं विचारून भागत नाही. दिवसभर ओले राहिलेले पाय पांढरेफटक, सुरकुतलेले दिसतात. बधिरपणा आला असेल तर त्या माणसाची उद्याची चाल रद्द. रात्रीचा कोरडा मोजा दिवसा घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

मग नोंदी, आणि इथे घाई अजिबात नको. कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे समोरून ऊबदार काही हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या, रानात बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ बारा तासांनी चुकलं, तर निशाचर प्राणी कागदावर भरदुपारी फिरू लागतो. म्हणून कॅमेरा लावताना आणि काढताना जीपीएसच्या पडद्यावरची वेळ त्याच कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो घ्यायचा. चूक झाली तरी नंतर दुरुस्त करता येते. कार्डावर शेकडो रिकामे फोटो असतील तर बहुतेक वेळा दोष समोरच्या गवताचा: उन्हाने तापलेली पाती हलली की सेन्सर फसतो, सेलही संपतात. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, तिथे लिथियमच हवेत.

डीएनएसाठी घेतलेले ऊतकांचे नमुने, म्हणजे प्राण्याच्या कातडी-मांसाचे बारीक तुकडे, ९५ टक्के इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये). नमुने टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिनने डीएनए खराब होतो. नळीत ऊतक थोडं, इथेनॉल भरपूर, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण ऊतकातल्या पाण्याने ते पातळ होतं. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहून नळीच्या आत. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि उरतो तो निनावी तुकडा.

वहीच्या पानांचे फोटो, कार्डांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या माणसांकडे. नदीतून जायचं असेल तर दोन वेगळ्या होड्यांत. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस ॲमेझॉनमधून परतत असताना ऑगस्ट १८५२ मध्ये त्याचं 'हेलन' जहाज भर समुद्रात पेटलं. सोबतचा संग्रह गेला, हाती लागली ती थोडी रेखाटनं आणि टिपणं. हे वाचताना आजही जीव तुटतो.

शेवटी उद्याची मागे फिरण्याची वेळ. ती आज, बसल्या जागी ठरवायची, कारण गुहा किंवा घरटं समोर दिसू लागल्यावर कुणालाच वळावंसं वाटत नाही. सकाळी ६ ला निघायचं, सूर्यास्त सायंकाळी ६ ला, हाताशी दोन तास राखीव, वाट दोन्हीकडून सारखीच: मग ११ वाजता जिथे असू तिथून परत. विरळ हवा बाधू नये म्हणून ३००० मीटरच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायचा नाही. सॅटेलाइट फोनला मोकळं आकाश लागतं, म्हणून संपर्काच्या वेळी तुकडी घळीत नसेल असं वेळापत्रक बांधायचं. ठरलेले किती संपर्क चुकल्यावर शोध सुरू होईल, तेही आत्ताच लिहायचं.

नावं, वाट, वळायची वेळ असा तो कागद स्वयंपाक सांभाळणाऱ्याकडे द्यायचा. दिवसभर तळावर तोच असतो.