इंजिनचं काम झालं आणि गाडी थरथरायला लागली

कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या रॉडचं) किट टाकून माझी 100 सीसीची गाडी गॅरेजमधून आली, ती हँडल आणि फूटरेस्टवर मुंग्या घेऊनच. फिटर म्हणाला, "दादा, नवीन काम आहे, पाचशे किलोमीटर पळवा, बसेल." पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरच्या बोअरमध्ये बसायला तेवढं अंतर लागतं, हे खरं. पण व्हायब्रेशन पळवून जात नाही. उलट बाकीचे नटबोल्ट सैल करत जातं.

म्हणून पुन्हा इंजिन उघडायच्या आधी थरथर कशाबरोबर वाढते ते पाहिलं. बेळगावजवळच्या जांबोटीच्या रस्त्यावर हे कळणार नाही, काकतीच्या पुढचा हायवेच हवा. 55-60 च्या वेगाला क्लच दाबला: थरथर गेली. तेवढ्याच वेगाला एक गिअर खाली टाकला: वाढली. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली: तीच थरथर. म्हणजे चाक, टायर, चेन यांचा दोष नाही, इंजिनच्या फेऱ्यांचा आहे. हातालाही फरक कळतो. साठच्या वेगाला चाक सेकंदाला जेमतेम नऊ वेळा फिरतं, त्याचा दोष हेलकाव्यासारखा जाणवतो. इंजिन त्याच वेळी सेकंदाला 80 ते 100 फेरे मारतं, त्याच्या मुंग्याच येतात.

मग फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन चेसिसला धरून ठेवणारे बोल्ट. क्रँकच्या कामाला इंजिन चेसिसमधून उतरवावंच लागतं, आणि घोळ बहुतेक परत बसवताना होतो. खालचा लांब बोल्ट बाहेर काढला तर तो हातानं निघेना, हातोडीनं ठोकून बसवलेला. हेडजवळच्या ब्रॅकेटचा स्पेसर (मधली फट भरणारी नळी) गायब. बोल्ट घट्टच होते, पण इंजिन चेसिसमध्ये तिरकं ताणून आवळलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक धक्का थेट फ्रेममध्ये. खानापूरकडच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचे हे बोल्ट गंजलेलेही असतात. तारेच्या ब्रशनं साफ करून हलकं ग्रीस लावावं.

इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅकनं भार उचलला. सायलेन्सरच्या बेंडचे (इंजिनला जोडलेल्या वाकड्या पाइपचे) नटही सैल केले, नाहीतर तोच इंजिनला एका बाजूला ओढतो. सगळे बोल्ट सैल ठेवून, जॅक थोडा वरखाली करत, प्रत्येक बोल्ट बोटांनी आरपार जाईपर्यंत इंजिन हलवलं. स्पेसर नवा घातला. मग आधी मागचे, नंतर पुढचे, शेवटी हेडचं ब्रॅकेट, दोन टप्प्यांत आवळलं. किती जोरानं आवळायचं, याला मॅन्युअलमधला आकडा आधी बघावा. तो नसेल तर 8 मिमीच्या बोल्टला साधारण 20 ते 25 आणि 10 मिमीला 35 ते 45 न्यूटन-मीटर. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच आकड्याला जास्त ताणला जातो, म्हणून मी खालचा आकडा धरला. बेंड सगळ्यात शेवटी.

मुंग्या गेल्या. सिंगल सिलिंडरची, बॅलन्सर (थरथर मारणारं फिरतं वजन) नसलेली गाडी थोडी थरथरणारच. त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून ताडून बघावं.

एवढं करूनही तशीच राहिली, तर मात्र संशय क्रँकवर. रॉड प्रेसवर बसवताना क्रँकच्या दोन बाजू एका रेषेत राहिल्या नाहीत की बेअरिंगही लवकर जातं. उद्यमबागेत लेथची कामं करणारे आहेत. क्रँक सेंटरवर धरून दोन्ही टोकांना डायल गेज (वाकडेपणा काट्यावर दाखवणारं माप) लावायला सांगावं. काटा 0.03 मिमीच्या आत फिरला तर उत्तम, 0.1 च्या पुढं गेला तर तो क्रँक सरळ केल्याशिवाय इंजिनात घालू देऊ नये. आणि हे काम सुरू असताना समोर उभं राहावं.