ग्रिपला टेकलेला लिव्हर

ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोक रेसच्या ट्रॅकवर बाईक पळवतात त्या दिवशी, माझं काम ठरलेलं असतं: टायरचं प्रेशर, चेन, ब्रेक आणि पडलेल्या बाईकचे मोडके लिव्हर बदलणं. त्या दिवशी हजार सीसीची एक बाईक रिकव्हरीच्या गाडीतून पॅडॉकमध्ये आली, तेव्हा मी सवयीनं आधी लिव्हरच बघितला. तो शाबूत होता. बाईक पडलीच नव्हती. सरळ पट्टा संपताना पोरानं ब्रेक दाबला, लिव्हर थेट ग्रिपला टेकला आणि तो वळणाऐवजी सरळ खडीत शिरला. खडीत चाकं रुतली म्हणून वाचला. चेहरा पांढराफटक. हेल्मेट काढता काढताच म्हणाला, "दादा, ब्रेकमधली हवा काढून द्या ना. आणि हा मास्टर सिलिंडरपण आजच बसवू."

बॅगेतून त्यानं नवाकोरा खोका काढला. १९ मिमी पिस्टनचा रेडियल मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबला की ब्रेकचं ऑइल ढकलणारा पंप. बाईकवर १७ मिमीचा होता. हा त्रास बऱ्याच दिवसांपासून चालू होता. एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदललं, हवा काढली. मग रबरी पाइप जाऊन स्टीलच्या जाळीचे आले. मग रेसचे पॅड आले. लिव्हर मात्र अधूनमधून ग्रिपला टेकतच होता.

ऑइलवर पहिला संशय जाणं साहजिक आहे. बाईक आणि चालवणारा मिळून २७० किलो धरा. ताशी २५० वरून ९० वर यायचं तर साडेपाच लाख ज्यूलच्या पुढे ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. त्यातली थोडी वारा खातो, बाकी बहुतेक सगळी पुढच्या दोन डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते, आणि असं दर लॅपला. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. आणि ते हवेतली ओल शोषतच राहतं. रेसच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ३०० च्या पुढे असतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण ते लवकर लवकर बदलावं लागतं. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि लिव्हर स्पंजासारखा आत जातो.

पण या रिझर्व्हॉयरमधलं ऑइल अगदी स्वच्छ होतं. लिव्हर दाबून बघितला तर दगडासारखा. आत हवा असती तर उभ्या बाईकवरही बोटाला कळली असती.

मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. कुठल्या वळणाला होतं? कितव्या लॅपला? आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर काय होतं?

"सरळ पट्ट्याच्या शेवटीच होतं, दुसरीकडे कधीच नाही. आज तर पहिल्याच लॅपला झालं. दुसऱ्यांदा दाबला की कडक येतो, पण तोवर उशीर झालेला असतो."

पहिल्या लॅपला ऑइल गरम झालेलंच नसतं, ते उकळणार कुठून? शिवाय ते उकळलं असतं तर पुढच्या प्रत्येक वळणाला लिव्हर मऊच लागला असता. त्या पट्ट्याच्या मध्यावर एक उंचवटा आहे. पूर्ण थ्रॉटलवर त्यावरून गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. त्या थरथरण्यात डिस्क आडवी हलते आणि पॅडना आणि त्यांच्यामागच्या पिस्टनना कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात, मागे ढकलते. याला नॉक-ऑफ म्हणतात. कॅलिपरचं सील पिस्टनला जरासंच मागे ओढतं, पण डिस्कनं जास्त ढकललं तर पिस्टन तिथेच बसून राहतो. मग पुढच्या वेळी लिव्हरची पहिली ओढ ती फट भरण्यातच संपते.

फट तरी केवढी? ३४ मिमीचे चार पिस्टन असलेला कॅलिपर घ्या. त्याच्या एका बाजूचे दोन पिस्टन फक्त ०.३ मिमी मागे गेले, तर तेवढं ऑइल परत भरायला १७ मिमीच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन जवळजवळ २.४ मिमी पुढे जावा लागतो. लिव्हरचं गुणोत्तर सहाच्या आसपास धरलं तर बोटाखाली ती चाल दीड सेंटिमीटरच्या जवळ जाते. ग्रिपला टेकायला तेवढं पुष्कळ झालं.

खोक्यातल्या मास्टर सिलिंडरबद्दल माझा नकार इथेच पक्का झाला. १९ मिमीचा पिस्टन तेवढ्याच चालीत २५ टक्के जास्त ऑइल ढकलतो, म्हणजे लिव्हर थोडा कमी आत गेला असता आणि पोराला वाटलं असतं, झालं काम! वर तेवढाच ब्रेक लागायला बोटांना २५ टक्के जास्त जोर लावावा लागला असता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

आता डिस्क इतकी हलते कशानं, ते शोधायचं. बाईक पुढच्या स्टँडवर घेतली. चाक वरून-खालून धरून हलवलं तर बारीकशी टक् जाणवली. स्टिअरिंगची असेल म्हणून एक हात फोर्कच्या खालच्या टोकाला लावला. फोर्क स्थिर, चाकच हलत होतं. ॲक्सल काढून बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवलं. डावं बेअरिंग दातेरी लागलं, आणि बोटाला ग्रीसऐवजी तांबूस पाणी आलं. "बाईक धुतोस कशानं?" विचारलं, तर प्रेशर वॉशरनं, तोही थेट हबवर.

दुसरा गुन्हेगार डाव्या डिस्कवर सापडला. फ्लोटिंग डिस्क तिच्या मधल्या कॅरिअरवर बॉबिनच्या (दोघांना जोडणाऱ्या छोट्या खुंट्यांच्या) आधारानं किंचित इकडेतिकडे सरकली पाहिजे, म्हणजे ती पॅडच्या मधोमध आपली जागा धरते. इथे बऱ्याच बॉबिन पॅडच्या भुकटीनं आणि गंजानं जाम झालेल्या. पोकळ बॉबिनमधून बोल्ट घालायचा, दोन्हीकडून वॉशर लावून नट आवळायचा, ब्रेक क्लीनर मारायचा आणि पान्यानं फिरवत राहायचं. पहिल्यांदा करकरतात, काळं पाणी सोडतात, मग सुटतात. एक काही केल्या सुटेना. ती बदलली. डिस्कची जाडी ४.८ मिमी भरली, डिस्कवर किमान ४.५ कोरलेली होती, म्हणजे ती अजून चालणार होती.

बेअरिंग दोन्ही बाजूंची बदलली. ठोकताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोकायचं. दुसरं बेअरिंग मधल्या स्पेसरला टेकलं की थांबायचं, नाहीतर नवं बेअरिंगही पहिल्याच दिवशी दाबात चालतं. कॅलिपरचे पिस्टन थोडे बाहेर काढून टूथब्रशनं धुतले. लोक नवे पॅड बसवताना मळके पिस्टन तसेच आत ढकलतात आणि तो चिखल सीलवर चढतो, हे बघून माझं डोकं सणकतं.

शेवटी ॲक्सल. आधी तो आवळला, पण फोर्कच्या उजव्या पायाचे, ॲक्सलला आवळून धरणारे पिंच बोल्ट ढिलेच ठेवले. बाईक खाली घेतली आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क चारपाच वेळा दाबला, म्हणजे उजवा पाय आपली जागा घेतो. मगच ते बोल्ट टॉर्क रेंचनं. ही पायरी टाळली की फोर्कचा पाय तिरपा बसतो आणि डिस्क एका पॅडला घासत राहते.

दुपारच्या सेशनला त्याला सांगितलं, उंचवटा ओलांडला की डाव्या हाताला काम नाही, उजव्या हाताच्या एका बोटानं लिव्हरला हलकी टिचकी मार. रेसवालेही मारतात. चाक कितीही नीट असलं तरी हँडल थरथरल्यावर पॅड थोडे सरकणारच.

सेशन संपवून आला तो वेगळीच तक्रार घेऊन. "दादा, लिव्हर जागेवर आहे, पण आता ब्रेक फारच झपकन लागतो. वळणात शिरताना मागचं चाक उचल खातं की काय असं वाटतं."

ते पॅडमुळे होतं. लिव्हर आत जातो म्हणून त्यानं सगळ्यात कडक चावणारे पॅड घेतले होते. आता पहिल्या मिलिमीटरपासून पकड मिळायला लागल्यावर ते त्याला झेपेनात. त्याच्या बॅगेत जुने सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड अजून निम्मे शिल्लक होते. डिस्क घासून स्वच्छ केली, ते पॅड परत बसवले आणि पहिले दोन लॅप हळूहळू वाढत्या जोरानं ब्रेक मारत काढ म्हटलं, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसेल. मास्टर सिलिंडरचं विचारलं तेव्हा म्हटलं, हे पॅड संपेपर्यंत चालव. त्यानंतरही लिव्हरची चाल लांब वाटली तर बसवू, नाहीतर खोक्यासकट परत दे.