आडनावाचा रकाना

नेब्रास्कातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी वंशावळीच्या टेबलावर बसते. माहेर नाशिकचं. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींनी वही उघडली, पणजोबांची सही दाखवली की काम झालं, एवढीच माझी या विषयातली पुंजी होती. इथे तशी वही नसते. जनगणनेच्या याद्या, जमिनीचे कागद, चर्चची दप्तरं यांतून एकेक माणूस वेचून काढावा लागतो.

ऐंशीच्या घरातले एक आजोबा गेल्या वर्षी आले, शाईनं भरलेला वंशवृक्षाचा तक्ता घेऊन. पणजोबा स्वीडनहून आले, सरकारी जमीन कसणाऱ्याला देणाऱ्या १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर धरली, पाच वर्षं राहून-कसून नावावर करून घेतली. शेत अजून घरात आहे. डिसेंबरात सेंट लुसिया या स्वीडिश सणाचे केशरी पाव न चुकता होतात. फक्त पणजोबांच्या नावाची सरकारी सनद सापडत नव्हती.

दोन वर्षं ते नावाची स्पेलिंगं बदलून शोधत होते. तेही बरोबरच, त्या काळचा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. पण मी सातबाऱ्याच्या मुलखातली. माणूस सापडेना तर गट नंबर धरायचा. त्यांच्या कराच्या बिलावर टाउनशिप, रेंज, सेक्शन, म्हणजे इथले गट नंबर, सगळं होतं. ते सनदांच्या ऑनलाइन शोधात टाकल्यावर सनद लगेच पडद्यावर आली. नाव एका बाईचं, ‘अमक्याची विधवा’. आडनाव भलतंच.

“नंबर चुकला,” आजोबा म्हणाले.

नंबर बरोबर होता. मग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्या जमिनीची पूर्ण फाइल मागवली. ती आली त्या मंगळवारी आम्ही दोघं टेबलाशी बसलो.

फाइलीत त्या बाईचा जबाब होता. घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिपांचं, १४ बाय १६ फूट. एक दार, दोन खिडक्या. विहीर. ३५ एकर नांगराखाली. नवरा १८७३च्या हिवाळ्यात वारलेला. जमीन सोडून कधी गेला होतात का, या प्रश्नाला उत्तर होतं: १८७४, टोळांनी सगळं खाल्लं म्हणून मुलाला घेऊन चार महिने. (टोळधाडीत पीक गेलेल्यांना अशी मुभा काँग्रेसनं दिली होती, म्हणून तिचा हक्क बुडाला नाही.) खाली सहीच्या जागी फुली. फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनानं तिचं नाव लिहिलेलं, वर ‘तिची खूण’. शाई फुलीच्या एका टोकाशी साकळली होती. बाईनं टाक तिथे जरा जास्त वेळ दाबून धरला असणार.

जमीन कसल्याचं सांगायला कायद्यानं दोन साक्षीदार लागत. दुसऱ्या साक्षीदाराची सही ठसठशीत होती. नाव पणजोबांचं.

आजोबा काही बोलले नाहीत. मी १८८०ची जनगणना उघडली. १८७०च्या यादीत नातं लिहीत नसत, १८९०ची बहुतेक सगळी १९२१च्या आगीमुळे नष्ट झाली. त्यामुळे आमची सगळी मदार १८८०वर. कुटुंबप्रमुख पणजोबा, जन्म स्वीडन. बायको तीच, जन्म बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशातला भाग. मग आजोबांचे आजोबा, वय ८. हे पान आजोबांनी कितीदा तरी पाहिलेलं, पण फिकट झेरॉक्सवर. पडद्यावर मोठं केल्यावर ‘मुलगा’च्या आधी बारीक अक्षरात ‘सावत्र’ दिसलं. वडिलांच्या जन्मस्थानाच्या रकान्यात स्वीडन नव्हतं, बोहेमिया होतं.

“म्हणजे आम्ही स्वीडिश नाहीच?”

मी म्हटलं, पाव करायला कोण अडवतंय. ते हसले, पण उशिरा.

जाता जाता त्यांनी विचारलं, तिच्या नवऱ्याआधी जमीन कोणाची? प्लॅट नदीच्या उत्तरेची ही जमीन पॉनी या मूळनिवासी लोकांनी १८५७च्या तहात सोडली होती. खरं तर सोडायला लावली होती. हा प्रश्न आमच्या टेबलावर फार क्वचित येतो.

मी त्यांना कोरा तक्ता दिला आणि पेन्सिल. खालून भरत गेले: स्वतः, वडील, आजोबा. तिथे आडनावाच्या रकान्याशी हात थांबला. मग दोन्ही आडनावं लिहिली, एकाखाली एक, आणि वरच्या चौकोनासाठी फुलीच्या पानाच्या दोन प्रती मागितल्या. एक बहिणीला हवी होती, कारण फोनवर सांगून ती ऐकणार नव्हती.