आरशावरची गाडी

माझ्या गाडीचं पोट मी पहिल्यांदा पाहिलं ते गॅरेजात ती वर चढवली तेव्हा. चिखल, गंज आणि कुठून अडकली कोण जाणे, एक सुतळी. मेकॅनिकने ती ओढून काढली आणि विचारलं, "ठेवू का, मॅडम?"

म्हणूनच असेल, जुन्या अमेरिकी कार शोंचे फोटो चाळताना मी थबकले ती गाडीखालच्या आरशांपाशी. बघणाऱ्यांना न वाकता अ‍ॅक्सलवरचं क्रोम दिसावं म्हणून खाली चक्क आरसे अंथरलेले!

अशा गाड्या मांडणारी ही हॉट रॉडवाली, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी नव्याने बांधणारी पोरं काही श्रीमंतांची नव्हेत. भंगारातून जुनी फोर्ड उचलायची, मडगार्ड उतरवायचे, इंजिन खोलून तिखट करायचं आणि कॅलिफोर्नियातल्या एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर पिटाळायची. काहीजण भर रस्त्यातही पिटाळत, त्यामुळे सगळीच वाया गेलेली ठरली. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी मोठं प्रदर्शन भरवलं, ते बरंचसं हे नाव पुसायलाच. तिथे लोकांसमोर एक गाडी बांधूनही दाखवली. बघा, आम्हाला काम येतं!

१९५० साली कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडच्या शोमध्ये सर्वांत देखण्या रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीचा मान बिल नीकँपच्या १९२९ च्या फोर्डला मिळाला. करंडक नऊ फुटी, म्हणजे गाडीपेक्षा उंच. पण नुसती शोभेची बाहुली म्हटलेलं कुणाला खपतं? पुढे १९५२ मध्ये तीच गाडी एल मिराजवर ताशी १४० मैलांपुढे गेली.

मला मात्र भुरळ पडते ती टप कापण्याची. धडधाकट गाडीचे खांब करवतायचे, तीन-चार इंच काढून टाकायचे, टप पुन्हा खाली बसवायचा. सांध्यांत वितळलेलं शिसं भरून लाकडी पट्टीने लोण्यासारखं सारवायचं, मग कानशीने घासत बसायचं. काचा उरतात फटीएवढ्या. सिग्नल बघायला मान वाकडी करावी लागत असणार; पण गाडी अशी दबा धरून बसल्यासारखी दिसते की मानेचं कोण बघतो!

गाडीमागे लटकायची या पोरांच्या क्लबच्या नावाची ओतीव अ‍ॅल्युमिनियमची पाटी. तिची अब्रू जपायला काही क्लबांची पोरं रस्त्यात बंद पडलेल्या अनोळखी गाड्या दुरुस्त करून देत. पैसे घेत नसत. तेलकट हातांनी फक्त एक छापील कार्ड पुढे करत: तुम्हाला मदत करणारा आमच्या क्लबचा होता.